डेंग्यूचा रिपोर्ट आणि मुलीची ‘प्रतिकारशक्ती’

प्रश्न : आम्ही नागपूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. माझ्या सात वर्षांच्या मुलीला सप्टेंबरमध्ये डेंग्यू झाला. तापाच्या तिसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीत एनएस१ पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह आणि आयजीजी पॉझिटिव्ह आले. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही निश्चिंत झालो, पण त्याच दिवशी ती मलूल झाली आणि तिचे पोट दुखू लागले. प्लेटलेट १,३२,००० वरून ६१,००० वर आल्या, पीसीव्ही ३५ वरून ४२ वर गेले, म्हणून तिला दाखल केले. सोनोग्राफीत छातीच्या उजव्या बाजूला थोडे पाणी दिसले. सलाईन लावले, प्लेटलेट चढवाव्या लागल्या नाहीत, नवव्या दिवशी घरी सोडले. आता तीन आठवडे झाले असून ती बरी आहे. फाइलमध्ये सीआरपी ८, फेरिटिन १,८६०, एसजीओटी २१० असे आकडे आहेत. तिला यापूर्वी डेंग्यू कधीच झाला नव्हता, मग आयजीजी पॉझिटिव्ह कसे? प्रतिकारशक्ती कमी म्हणून एवढे झाले का? घरातली मंडळी ‘इम्युनिटी प्रोफाइल’ करून घ्या आणि ताकदीचे औषध सुरू करा, असे म्हणतात. फेरिटिन म्हणजे लोह वाढले असे कळल्याने मी तिची पालेभाजी आणि गूळ बंद केला आहे. तिच्या कार्डावर जपानी मेंदूज्वराची लस दिल्याची नोंद आहे, तिचा याच्याशी संबंध असेल का? मला स्वतःला सहा वर्षांपूर्वी डेंग्यू झाला होता आणि घरात आठ महिन्यांचा मुलगा आहे. त्याची फार काळजी वाटते.
— एक आई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील सर्वांत मोठी काळजी प्रतिकारशक्तीची आहे, म्हणून तिचे उत्तर आधी देतो. तुमच्या मुलीची प्रतिकारशक्ती कमी आहे असे सांगणारा एकही आकडा तुम्ही पाठवलेल्या माहितीत नाही. उलट, तिच्या शरीराने विषाणूला जोरदार, किंबहुना गरजेपेक्षा अधिक जोरदार उत्तर दिल्याच्या खुणा त्यात पानोपानी आहेत. डेंग्यू गंभीर होतो तो बहुतेक वेळा शरीर दुबळे पडल्यामुळे नव्हे, तर आधीच्या एका लढाईची आठवण शरीरात अर्धवट राहिल्यामुळे. ही गोष्ट नीट कळली, तर फाइलमधील निम्मे आकडे आपोआप उलगडतात आणि ‘आपण मुलीला काही कमी पडू दिले का’ हा जो सल मला तुमच्या ओळींमागे जाणवला, तोही दूर होईल.

आकड्यांकडे वळण्याआधी तुमचे एका गोष्टीसाठी मनापासून कौतुक करतो. तुम्ही प्रत्येक तपासणीपुढे तापाचा कितवा दिवस होता, ते लिहिले आहे. डेंग्यूच्या बाबतीत या एका नोंदीवाचून कोणत्याही रिपोर्टचा अर्थ लागत नाही. तिसऱ्या दिवशीचे ‘आयजीएम निगेटिव्ह’ आणि दहाव्या दिवशीचे ‘आयजीएम निगेटिव्ह’ हे शब्द सारखे असले, तरी त्यांचे अर्थ अगदी वेगळे आहेत. असे असूनही प्रयोगशाळांच्या छापील कागदावर नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ असते, ताप सुरू झाल्याची तारीख मात्र जवळजवळ कधीच नसते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक तापाच्या मुलाच्या कागदावर मी सर्वांत वर ‘ताप सुरू : अमुक तारीख, संध्याकाळी’ असे लिहितो, आणि ते आईवडिलांकडून दोनदा विचारून घेतो, कारण पुढची सगळी मोजणी त्या एका ओळीवर उभी असते.

आता तिसऱ्या दिवशीचे तीन निकाल पाहू. एनएस१ हे डेंग्यूच्या विषाणूचे स्वतःचे प्रथिन आहे. विषाणू ज्या पेशींत वाढतो, त्या पेशी ते रक्तात सोडतात, म्हणून तापाच्या पहिल्या दिवसापासूनच ते सापडू शकते आणि साधारण पाचव्या दिवसानंतर ते सापडण्याची शक्यता कमी होत जाते. हा शरीराच्या प्रतिसादाचा नव्हे, तर विषाणूच्या उपस्थितीचा पुरावा आहे. तिसऱ्या दिवशी तो पॉझिटिव्ह आला, याचा अर्थ निदान पक्के होते. आयजीएम आणि आयजीजी ही मात्र शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे आपण बोलताना ज्यांना अँटीबॉडी म्हणतो ती. एखाद्या विषाणूशी पहिल्यांदा गाठ पडते तेव्हा आधी आयजीएम तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार तापाच्या पाचव्या दिवसापर्यंत सुमारे ८० टक्के रुग्णांत आणि दहाव्या दिवसापर्यंत जवळजवळ सर्वांत ते दिसू लागते, आणि मग दोनतीन महिन्यांत ओसरते. तेव्हा तिसऱ्या दिवशी ते दिसले नाही, यात तपासणी चुकण्यासारखे काही नाही. शिवाय दुसऱ्यांदा होणाऱ्या डेंग्यूत आयजीएम कमी प्रमाणात तयार होते आणि काही मुलांत ते शेवटपर्यंत पॉझिटिव्ह येतच नाही.

खरा प्रश्न आयजीजीचा आहे. पहिल्याच डेंग्यूत आयजीजी दिसायला आठवडा उलटून जावा लागतो. दुसऱ्या वेळी शरीराला जुनी ओळख असते, म्हणून ते तापाच्या पहिल्या काही दिवसांतच वेगाने वाढते. तिसऱ्या दिवशी आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह ही जोडी, आणि त्यापुढे पाचव्या दिवशी झालेली प्रकृतीची घसरण, हे सर्व एकत्र ठेवले, तर हा तिचा दुसरा डेंग्यू असावा, असाच माझा कल आहे. ‘तिला कधी झालाच नाही’ हे तुमचे म्हणणेही तितकेच खरे असू शकते, कारण डेंग्यूची लागण झालेल्या माणसांपैकी सुमारे तीन चतुर्थांश माणसांना एकतर काहीच होत नाही किंवा दोन दिवसांची कणकण येऊन जाते. लहान मुलांत तर ती साधा ‘व्हायरल’ म्हणून विसरली जाते. २०१७-१८ साली देशातील १५ राज्यांत केलेल्या पाहणीत पाच ते आठ वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे २८ टक्के मुलांच्या रक्तात डेंग्यूची आयजीजी प्रतिपिंडे सापडली होती. त्यांतील बहुतेकांच्या पालकांनीही तुमच्यासारखेच ‘कधी झाला नाही’ असे सांगितले असते.

पण तुम्ही लसीच्या कार्डाचा उल्लेख केलात आणि तो अगदी योग्य जागी केलात. विदर्भातील काही जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराचा धोका असल्याने तेथील बालकांना ती लस सरकारी लसीकरणात दिली जाते. जपानी मेंदूज्वराचा विषाणू आणि डेंग्यूचा विषाणू हे एकाच कुळातील आहेत. त्यांची चेहरेपट्टी इतकी मिळतीजुळती आहे, की एकाविरुद्ध तयार झालेली आयजीजी प्रतिपिंडे दुसऱ्याच्या तपासणीत थोडीफार चिकटू शकतात आणि पट्टीवर एक रेघ उमटवू शकतात. म्हणजे तिचे आयजीजी मागील डेंग्यूमुळे नसून लसीमुळे पॉझिटिव्ह आले असण्याची थोडी शक्यता उरते. हा गुंता सोडवणारी चाचणी विशेष विषाणू प्रयोगशाळेत होते. तिच्यात जिवंत विषाणूला रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे निकामी करतात का, हे पाहिले जाते. ती संशोधनासाठी उपयोगी आहे, पण तिच्या निकालाने तुमच्या मुलीच्या देखभालीत आज काहीही बदलणार नाही, म्हणून तिच्या मागे लागू नका. आणि या लसीबद्दल मनात किंतूही ठेवू नका. जपानी मेंदूज्वरातून वाचलेल्या अनेक मुलांना कायमचे अपंगत्व येते. धाकट्या मुलाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर ही लस वेळेवर द्यायची आहे, हे येथेच सांगून ठेवतो.

आता जुनी ओळख असणे हे चांगलेच, मग त्यातून आजार बळावतो कसा, हे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या मूळ काळजीचे उत्तर यात आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेला, की त्या प्रकारापासून दीर्घकाळ, बहुधा जन्मभर, संरक्षण मिळते. उरलेल्या तीन प्रकारांपासूनही काही महिने थोडे संरक्षण असते, पण ते विरत जाते. नंतर दुसऱ्या प्रकाराचा विषाणू शरीरात शिरला, की जुनी प्रतिपिंडे त्याला ओळखीचा समजून धरतात, पण त्याला निकामी करण्याइतकी पकड त्यांना बसत नाही. आपल्या रक्तातील काही पेशींचे कामच प्रतिपिंडांनी धरलेली वस्तू आत ओढून नष्ट करण्याचे असते. त्या पेशी हा अर्धवट धरलेला, पण जिवंत विषाणू आत घेतात आणि तो नेमका त्याच पेशींत वाढतो. पहाऱ्यावरच्यानेच चोराला हाताला धरून घरात आणावे, तसे हे होते. विषाणूंची संख्या झपाट्याने वाढते, ती पाहून शरीर आणखी मोठी फौज उभी करते आणि त्या फौजेने सोडलेल्या रसायनांचा मारा स्वतःच्याच सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर होतो.

ही केवळ कल्पना नाही. स्कॉट हॅल्स्टेड या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९६०च्या दशकात बँकॉकमधील मुलांचा अभ्यास करताना पाहिले, की गंभीर डेंग्यू दोन गटांत एकवटलेला होता. एक गट दुसऱ्यांदा लागण झालेल्या मोठ्या मुलांचा आणि दुसरा एक वर्षाच्या आतील अशा बाळांचा, ज्यांना डेंग्यू पहिल्यांदाच झाला होता, पण ज्यांच्या आयांना तो पूर्वी होऊन गेला होता. क्यूबामध्ये तर जणू नियतीनेच हा प्रयोग करून दाखवला. तेथे १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली आणि तीत गंभीर आजार जवळजवळ दिसला नाही. १९८१ साली दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला तेव्हा ३,४४,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि १५८ माणसे दगावली, त्यांत १०१ मुले होती. पुढे १९९७ साली सँटियागो दे क्यूबा या शहरात पुन्हा दुसऱ्या प्रकाराची साथ आली, तेव्हा गंभीर आजार प्रौढांना झाला आणि मुले सुटली, कारण आधीच्या साथींनंतर जन्मलेल्या त्या मुलांच्या रक्तात जुनी आठवणच नव्हती. निकाराग्वातील मानाग्वा शहरात सहा हजारांहून अधिक मुलांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षे तपासून २०१७ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्याने या चित्राला आणखी रेखीवपणा आणला. ज्यांची जुनी प्रतिपिंडे भरपूर होती ती मुले सुरक्षित होती, ज्यांची अजिबात नव्हती त्यांनाही विशेष धोका नव्हता. मधल्या एका अरुंद पट्ट्यात प्रतिपिंडे असलेल्या मुलांना मात्र गंभीर डेंग्यूचा धोका सातपटींहून अधिक होता. म्हणून ‘कमी प्रतिकारशक्ती’ आणि ‘जास्त प्रतिकारशक्ती’ असे दोनच खण करून या आजाराकडे पाहता येत नाही.

पाचव्या दिवशी ताप उतरला आणि त्याच दिवशी मुलगी मलूल झाली, याचा उलगडाही यातच होतो. ताप उतरतो, कारण रक्तातील विषाणू झपाट्याने कमी होत असतो. पण शरीराने उभी केलेली फौज आणि तिची रसायने यांचा जोर त्याच सुमारास शिगेला पोचलेला असतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तर त्यामुळे सैल होते. एनएस१ हे प्रथिनही त्या अस्तराला इजा करते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. परिणामी रक्तातील पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, बाहेर झिरपतो आणि तो पोटात, छातीत, पित्ताशयाच्या भिंतीत साठतो. तिच्या छातीत उजव्या बाजूला दिसलेले ‘पाणी’ हेच होते. ही गळती साधारण २४ ते ४८ तास चालते, मग आपोआप थांबते आणि बाहेर गेलेला द्रव रक्तात परततो. त्या काळात सलाईन मोजून देणे हेच खरे उपचार असतात. कमी दिले तर रक्तदाब ढासळतो, जास्त दिले तर तेच पाणी छातीत साठून श्वास अडतो. तुमच्या डॉक्टरांनी ते नेमके साधले, हे मुलीकडे पाहून दिसतेच.

म्हणून तुमच्या संपूर्ण फाइलमधील सर्वांत मोलाचा आकडा मला विचाराल, तर तो पीसीव्हीचा आहे. रक्तात लाल पेशींनी किती टक्के जागा व्यापली आहे, ते हा आकडा सांगतो. पातळ भाग बाहेर गेला, की उरलेले रक्त घट्ट होते आणि हा आकडा चढतो. ३५ वरून ४२ म्हणजे मूळच्या आकड्यात बरोबर २० टक्क्यांची वाढ, आणि २० टक्के किंवा त्याहून अधिक वाढ ही गळतीची मान्य खूण आहे. तिसऱ्या दिवशी रक्त तपासले गेल्यामुळे तुलना करायला ३५ हा आकडा हाताशी होता, ही फार मोठी गोष्ट झाली. एरवी ४२ हा सुटा आकडा पाहून कोणाला काहीच वावगे वाटले नसते.

घरोघरी मात्र चर्चा होते ती प्लेटलेटची, आणि तीही बऱ्याचदा ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या’ अशा शब्दांत. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पांढऱ्या पेशी संसर्गाशी लढतात आणि डेंग्यूत त्या प्लेटलेटच्याही आधी घसरतात. प्लेटलेट रक्त गोठवण्याचे काम करतात. त्या कमी होतात, कारण विषाणूमुळे अस्थिमज्जेतील निर्मिती काही दिवस मंदावते आणि रक्तातील प्लेटलेट प्रतिपिंडांच्या माऱ्यात व इतर कारणांनी वेगाने नष्ट होतात. रक्तस्राव नसताना केवळ आकडा वाढावा म्हणून त्या चढवण्याचा उपयोग होत नाही. सिंगापूर आणि मलेशियातील प्रौढ रुग्णांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०,००० पेक्षा कमी प्लेटलेट असलेल्या रुग्णांना त्या चढवूनही रक्तस्राव कमी झाला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. तुमच्या मुलीला त्या न चढवण्याचा निर्णय योग्यच होता. पपईच्या पानांचा रस कोणी सुचवला असेल, तर एवढेच सांगतो, की रक्तवाहिन्यांची गळती त्याने थांबत नाही आणि त्या कडू रसाने मूल ओकू लागले, तर ती उलटी आजाराची की रसाची, हे ओळखणे डॉक्टरांनाही अवघड होते.

सीआरपी आणि एसजीओटी यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. शरीरात दाह झाला, की यकृत सीआरपी हे प्रथिन तयार करते. जिवाणूंच्या मोठ्या संसर्गात ते बरेच चढते, विषाणूजन्य तापात सहसा थोडेच वाढते, म्हणून ८ हा आकडा चित्राशी जुळतो. डेंग्यूत यकृताला थोडी इजा होतेच आणि यकृताच्या पेशींतून रक्तात येणाऱ्या विकरांपैकी एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा अधिक वाढते. ते काही आठवड्यांत पूर्ववत होते.

फेरिटिनबद्दल मात्र थांबून सांगितले पाहिजे, कारण त्यामुळे एका वाढत्या मुलीच्या ताटातील पालेभाजी गेली आहे. एरवी फेरिटिन हे शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप असते हे खरे, पण शरीरात मोठा दाह सुरू असताना हे माप लोहाचे राहत नाही. विषाणू ज्या भक्षक पेशींत वाढतो, त्याच पेशी चिथावल्या गेल्या, की फेरिटिन मोठ्या प्रमाणात रक्तात सोडतात. म्हणजे १,८६० हा आकडा तिने खाल्लेल्या लोहाचा नसून तिच्या पेशींच्या खवळण्याचा आहे, आणि डेंग्यूत असे आकडे नेहमी दिसतात. ताप आठवडाभरानंतरही हटत नसेल, यकृत व प्लीहा वाढत असतील आणि फेरिटिन अनेक हजारांवर चढत असेल, तर प्रतिकारयंत्रणा आवरेनाशी झाल्याची शंका घ्यावी लागते आणि त्यावर वेगळे उपचार असतात. तुमच्या मुलीचा ताप पाचव्या दिवशी उतरला आणि ती सावरली, तेव्हा तो प्रश्न उरत नाही. आजच तिला मेथी, पालक, गूळ, खजूर, जे तिला आवडते ते पुन्हा सुरू करा.

‘इम्युनिटी प्रोफाइल’ करू नका, हे मी स्पष्टपणे सांगतो. एका मोठ्या आजारातून उठलेल्या मुलाच्या रक्तातील पेशींचे आणि प्रतिपिंडांचे प्रमाण काही आठवडे वरखाली असणे स्वाभाविक आहे. अशा वेळी पाठवलेल्या तपासणीत एखादा आकडा ठळक अक्षरांत छापून येईल, त्यासाठी दुसरी तपासणी होईल, आणि निरोगी मुलगी घरातल्यांच्या नजरेत आजारी ठरेल. प्रतिकारशक्ती जन्मतः खरोखरच कमी असलेली मुले असतात आणि त्यांचे निदान लवकर व्हायला हवे, पण त्यांची कहाणी वेगळी असते. वर्षभरात दोन किंवा अधिक वेळा न्यूमोनिया होणे, वर्षात चार किंवा अधिक वेळा कान फुटणे किंवा कानाचा संसर्ग होणे, त्वचेत किंवा अवयवांत वारंवार खोल गळवे होणे, पहिल्या वर्षानंतरही तोंडात बुरशी टिकून राहणे, वजन न वाढणे, घरातील इतर बाळे लहानपणीच संसर्गाने दगावलेली असणे, अशांपैकी काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना जरूर सांगा. तुमच्या पत्रात यांतले काहीही नाही. शाळेत जाऊ लागलेल्या मुलाला वर्षात सहाआठ वेळा सर्दी होणे यात येत नाही. ताकदीच्या औषधाबद्दलही हेच म्हणणे आहे. ज्या आजारात प्रतिसाद गरजेपेक्षा अधिक झाल्याने त्रास झाला, त्यानंतर प्रतिसाद ‘वाढवणारे’ काही देण्यामागे कोणतेही तर्कशास्त्र नाही. तिला झोप, नेहमीचे जेवण आणि थोडे दिवस खेळाच्या तासाला सूट एवढेच पुरे. दोनतीन महिन्यांनी तिचे केस जास्त गळू लागले, तर घाबरू नका. मोठ्या तापानंतर असे होते आणि केस परत येतात.

पुढे काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नसला तरी मनात असणारच. हा तिचा दुसरा डेंग्यू असेल, तर तिसऱ्या वेळी तो गंभीर होण्याची शक्यता बरीच कमी असते. आयजीजी लसीमुळे आले असेल आणि हा पहिलाच डेंग्यू असेल, तर पुढच्या वेळी अधिक जपावे लागेल. दोन्ही शक्यतांत तुम्ही करायचे ते एकच आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोनतीन महिन्यांत ताप आला, की ताप सुरू झाल्याची तारीख लिहा, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी रक्ततपासणीत पीसीव्ही पाहून घ्या, तापासाठी डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेले पॅरासिटामॉलच द्या. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड आणि ॲस्पिरिन देऊ नका, कारण त्यांनी जठरात रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस तापाच्या दिवसांपेक्षा अधिक लक्ष ठेवा. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, सहाआठ तास लघवी न होणे, मूल सुस्त किंवा विलक्षण चिडचिडे होणे, यांतले काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबू नका. या वेळी तुम्ही मलूलपणा ओळखून त्याच दिवशी तिला नेलेत, आणि तिला वाचवणाऱ्या गोष्टींत ती एक होती.

लसीबद्दल थोडक्यात सांगतो. आयजीजीचा प्रश्न लसीच्या बाबतीतही कळीचा ठरला आहे. फिलिपिन्समध्ये २०१६ सालापासून आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना डेंग्यूची एक लस दिली गेली. ज्यांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता, अशा मुलांत त्या लसीने पहिल्या लागणीसारखीच अर्धवट आठवण निर्माण केली आणि पुढे खरा विषाणू आल्यावर त्यांना रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण वाढले, हे २०१७ च्या अखेरीस उघड झाले आणि ती मोहीम थांबवावी लागली. नंतरच्या लसींची रचना हा धडा समोर ठेवून तपासली जात आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने चारही प्रकारांविरुद्धच्या एका स्वदेशी लसीची दहा हजारांहून अधिक प्रौढांवरील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथे सुरू झाली. मुलीचा हा रिपोर्ट म्हणूनच जपून ठेवा. पुढे कधी लसीचा विचार करण्याची वेळ आली, तर तो डॉक्टरांना दाखवता येईल.

आता आठ महिन्यांच्या बाळाकडे येतो, कारण मला स्वतःला खरी काळजी त्याची आहे. गरोदरपणी तुमची आयजीजी प्रतिपिंडे वारेतून त्याच्या रक्तात गेली. जन्मानंतरचे पहिले काही महिने ती त्याला राखतात, मग दर महिन्याला ओसरत जातात आणि साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान ती वर सांगितलेल्या त्या अरुंद पट्ट्यात येतात. बँकॉकमधील बाळांचे जे झाले, ते याच वयात आणि याच कारणाने. हे तुमच्यामुळे झाले असे मुळीच समजू नका. याच वाटेने गोवराविरुद्धची प्रतिपिंडेही त्याला तुमच्याकडूनच मिळाली आहेत. अंगावरचे दूधही निर्धास्तपणे चालू ठेवा, त्याने हा धोका वाढत नाही. एवढेच लक्षात ठेवा, की पुढचे चारपाच महिने त्याला ताप आला तर ‘दात येत असतील’ म्हणून वाट पाहू नका. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि घरात मोठ्या मुलीला नुकताच डेंग्यू झाला होता, हे आपणहून सांगा. त्याचे आत्ता, ताप नसताना, डेंग्यूचे आयजीजी तपासू नका. ते पॉझिटिव्ह आले, तरी बहुधा तुमचेच असेल, आणि त्यातून काही कळणार नाही.

हा डास दिवसा चावतो, म्हणून बाळ दुपारी झोपते तेव्हाही मच्छरदाणी लावा आणि त्याला पातळ सुती, हातपाय झाकणारे कपडे घाला. आपल्याकडे विदर्भात घरोघरी असलेला कूलर हे या डासाचे आवडते ठिकाण आहे. उन्हाळा संपला, की कूलर खिडकीतच राहतो आणि त्याच्या टाकीत पावसाचे स्वच्छ पाणी साठते. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कारण अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेच्या थोडी वर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही अनेक महिने जिवंत राहतात. टाकी काथ्याने किंवा ब्रशने घासून, गवताच्या जाळ्या काढून, पूर्ण वाळवून ठेवा. अंड्यापासून डास व्हायला आठदहा दिवस लागतात, म्हणून रांजण, पिंप, फ्रीजच्या मागची ताटली आणि कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी घासून कोरड्या करा. तुमच्या घरात गेल्या महिन्यात डेंग्यूचा रुग्ण होता, म्हणजे तो विषाणू असलेला डास घराच्या आसपासच होता. तेव्हा हे काम शेजारच्या दोनतीन घरांनाही सोबत घेऊन या आठवड्यातच करा, आणि ग्रामीण रुग्णालयात किंवा नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात मुलीच्या आजाराची नोंद झाली आहे का, ते विचारून घ्या. नोंद असली, तर आसपासच्या घरांतील पाण्याच्या साठ्यांची तपासणी करण्यासाठी त्यांचे कर्मचारी येतात.